होंडा जीएक्स३५ चा फोर-स्ट्रोक ग्रास कटर: मशीन झकास, पण ऑइल आणि पेट्रोल भरायची पद्धत आधी शिकून घ्या

कोकणात बाग असेल तर ग्रास कटर लागतोच, त्यात दुमत नाही. पाऊस लागला की बघता बघता गवत गुडघ्याला येतं, गणपती होईपर्यंत रानमोडी आणि घाणेरी कंबरेच्या वर जाते, आणि दिवाळीच्या आधी झाडाखालची साफसफाई झाली नाही तर पुढे फवारणीला आत शिरताच येत नाही. देवगड तालुक्यातली आमची हापूसची बाग, उतारावरची, कातळ आणि माती मिक्स. कोयती घेऊन रान मारणारी माणसं आता मिळत नाहीत आणि मिळाली तर त्यांच्या सवडीने येतात, म्हणून घरचं मशीन घ्यायचं ठरलं. बरीच चौकशी करून शेवटी होंडाचा फोर-स्ट्रोक घेतला, खांद्याला पट्टा लावायचा प्रकार, इंजिन जीएक्स३५. वापरून बऱ्यापैकी काळ झालाय, आता लिहायला हरकत नाही.

आधी मशीनबद्दल थोडक्यात, कारण त्यावर इंटरनेटवर भरपूर मिळेल. इंजिन ३५.८ सीसीचं, ताकद साधारण १.३ हॉर्सपॉवर, पेट्रोलची टाकी ६३० मिली आणि ऑइल फक्त १०० मिली. सुरू व्हायला सोपं, प्रायमरचा फुगा चार-पाच वेळा दाबायचा, चोक लावायचा, दोरी ओढायची की झालं. टू-स्ट्रोकसारखा निळा धूर नाही, त्यामुळे दिवसभर मशीन मारून संध्याकाळी डोकं दुखत नाही, हा सगळ्यात मोठा फरक. आवाज पण जरा खर्जातला आहे, कानाला बोचत नाही (तरी कानात बोळे घालाच). पेट्रोल कमी पितं, एक टाकी साधारण तासभर जाते, गवत जाड असेल तर थोडी कमी. फोर-स्ट्रोक म्हटलं की वजन आणि किंमत दोन्ही जास्त हे गृहीत धरायचं, ऑनलाइन आठ-दहा हजारांत टू-स्ट्रोक मशीन मिळतं आणि हे त्याच्या कितीतरी पटीत जातं. तरी घ्या असं मी म्हणेन, पण एका अटीवर, ती म्हणजे ऑइल आणि पेट्रोल कसं भरायचं हे मशीन घरी न्यायच्या आधी समजून घ्यायचं. मशीन दहा वर्षं चालणार का पहिल्याच पावसाळ्यात बसणार हे तिथेच ठरतं, आणि हात-तोंड भाजणार का नाही हेही तिथेच.

हे एवढं ठासून का सांगतोय, तर आमच्याकडे सगळ्यांचा हात टू-स्ट्रोकवर बसलेला आहे. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळायचं, कुठल्या मशीनला एका लिटरला २० मिली, कुठल्याला ४० मिली, ते पेट्रोलबरोबर जळतं आणि जळता जळता वंगण करतं. फोर-स्ट्रोकला तसं काहीच नाही. टाकीत निव्वळ पेट्रोल, आणि इंजिनच्या पोटात वेगळं ऑइल, मोटारसायकलला असतं तसं. दोन झाकणं, दोन वेगळ्या गोष्टी. ऐकायला अगदी सोपं वाटतं, पण बाहेरून दोन्ही मशीनं सारखीच दिसतात आणि मशीन मारायला येणारा दादा सवयीने टूटीची बाटली उघडतो. शेजारच्या वाडीत एकांनी दुसऱ्या कंपनीचं फोर-स्ट्रोक मशीन ऑनलाइन मागवलं, घरपोच खोक्यातून आलं, सांगणारं कोणी नाही, गड्याने टाकीत टूटी मिसळलेलं पेट्रोल भरलं आणि ऑइलचं झाकण उघडून बघितलंच नाही. नव्या छोट्या इंजिनमध्ये कंपनीतून ऑइल भरून येत नाही, कोरडंच येतं, आणि बहुतेक वेळा इंजिनवर तसा टॅगसुद्धा लटकवलेला असतो. तो टॅग खोक्याबरोबर गेला कचऱ्यात. मशीन सुरू झालं, थोडा वेळ छान चाललं पण, मग आवाज बदलला आणि मग दोरीच ओढेना. पिस्टन जाम. दुरुस्तीचा खर्च ऐकून त्यांनी ते तसंच पडवीत ठेवून दिलं. वॉरंटीत हे बसत नाही, कुठल्याच कंपनीच्या बसत नाही.

म्हणून दुकानाचं कौतुक करायला पाहिजे. आम्ही मशीन कणकवलीतल्या एका दुकानातून घेतलं, नाव देत नाही पण शेती अवजारांची जी तीन-चार दुकानं आहेत त्यातलंच. तिथल्या मेकॅनिकने पैसे भरून झाल्यावर मशीन खोक्यातून काढलं, जोडलं, आणि आम्हाला म्हणाला आता तुम्ही ऑइल भरा, मी बघतो. त्याने स्वतः भरून दिलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं, पण गिऱ्हाइकाच्या हातून करून घेतल्याशिवाय तो मशीन सोडतच नाही. आधी टेबलावर इंजिन त्याच्या बुडावर सपाट बसवलं, कटरची लांब नळी जमिनीला समांतर, खाली रद्दी पेपर. ऑइलचं झाकण उघडायच्या आधी झाकणाच्या भोवतीची जागा फडक्याने पुसायला लावली. नवीन मशीनला कसली धूळ असं वाटेल, पण तो म्हणाला सवय आजपासून लावा, बागेत गवताचा भुसा तिथेच चिकटून बसतो आणि झाकण उघडलं की सरळ आत पडतो. मग १०० मिलीतलं ऑइल हळूहळू, थांबत थांबत. शेवटचं थोडं शिल्लक ठेवून भोकात डोकवायला लावलं. इंजिन सपाट असताना भोकाच्या खालच्या कडेला ऑइल येऊन टेकलं की बास, तीच वरची मर्यादा. त्याच्यावर एक थेंब नाही.

ऑइल मोजायला मी मेडिकलमधून ५० मिलीची मोठी सिरिंज आणली आहे, सुई नको, नुसती सिरिंज. दोन वेळा भरली की १०० मिली. इंजिनचं भोक लहान आहे, बाटलीने ओतायला गेलं तर अर्धं बाहेर सांडतं आणि मग आत किती गेलं कळत नाही. सिरिंजने एक थेंब सांडत नाही, आणि जास्त पडलंच तर त्याच सिरिंजने परत ओढून घेता येतं. ही सिरिंज फक्त ऑइलसाठीच ठेवायची, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, नाहीतर तिच्यावर धूळ बसते आणि तीच आत जाते.

ऑइल कमी पडलं तर काय होतं ते सांगितलंच, पण जास्त भरलं तर बरं असतं असा एक समज आहे तो पण चुकीचा. जास्त झालेलं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) एअर फिल्टरमध्ये येतं, फिल्टर चिकट होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला लागतो आणि मशीन दम टाकतं. लोक मग कार्ब्युरेटर खोलून बसतात. १०० मिलीच्या इंजिनमध्ये वीस-तीस मिली इकडे तिकडे म्हणजे खूप मोठा फरक आहे, कारमध्ये चार लिटरात तेवढं कळणार पण नाही.

ऑइल कुठलं, तर एसएई १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या जाडपणाचा आकडा), एपीआय एसजे (हा दर्जाचा) किंवा त्याच्या पुढचा ग्रेड. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फोरटी (4T, म्हणजे फोर-स्ट्रोकचं) १०डब्ल्यू-३० सहज मिळतं, स्कूटरला घालतात तेच, बाटलीवर ग्रेड वाचून घ्या. ९०० मिलीच्या बाटलीत नऊ वेळा ऑइल बदलून होतं, म्हणजे खर्च काहीच नाही, आणि तरी लोक इथे काटकसर करतात हे मला खरंच समजत नाही. टूटी ऑइल इंजिनच्या पोटात चालत नाही, ते जळण्यासाठी बनवलेलं असतं, महिनोनमहिने गरम होऊन फिरत राहण्यासाठी नाही. आणि ट्रॅक्टरचं उरलेलं, डब्यातलं, कुठलं माहीत नाही असलं ऑइल तर अजिबात नको.

लेव्हल रोज बघायची, पहिली दोरी ओढायच्या आधी, इंजिन थंड आणि सपाट असताना. रात्रभर आडवं-तिडवं ठेवलेलं असेल तर सपाट करून जरा थांबा, ऑइल खाली उतरू द्या. या छोट्या इंजिनला ऑइल कमी झालं म्हणून आपोआप बंद व्हायची सोय नाही, ती होंडाच्या मोठ्या इंजिनांपैकी काही मॉडेलना असते, जीएक्स१६० वगैरे, जे पाण्याच्या पंपाला आणि जनरेटरला बसवलेलं असतं. आणि त्या सोयीच्या भरवशावर पण राहू नका, ती शेवटचा उपाय म्हणून आहे.

जीएक्स१६० चा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमच्या विहिरीवरच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या पाण्याच्या पंपाला तेच इंजिन आहे आणि त्याला ऑइल ०.५८ लिटर लागतं. त्याच्या झाकणाला ऑइलची लेव्हल बघायची काडी असते. ती काढून पुसायची, परत घालायची पण आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची, आणि बाहेर काढून बघायचं. आटे फिरवून बघितलं तर काडी जास्त खाली जाते, ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि तुम्ही बिनधास्त कमी ऑइलवर चालवता. पण ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या बऱ्याच इंजिनांना उलटं आहे, तिथे काडी पूर्ण बसवूनच बघायची असते. त्यामुळे एकाच मशीनवर शिकलेलं दुसऱ्याला लावू नका, पुस्तिका बघा. आणखी एक फरक म्हणजे जीएक्स३५ कसंही तिरकं धरलं, अगदी उलटं केलं तरी त्याचं वंगण चालू राहतं, मशीनची रचनाच तशी आहे आणि आमच्यासारख्या उताराच्या बागेत हा मोठा आधार आहे. जीएक्स१६० ला ते जमत नाही, त्याला २० अंशांपेक्षा जास्त तिरकं चालवायचं नाही, ऑइल एका बाजूला जातं. म्हणून पंप ठेवताना खाली जांभ्याचे चिरे लावून सपाट करून घ्या.

ऑइल बदलायचं कधी, तर जीएक्स३५ ला पहिल्यांदा एक महिना किंवा १० तास झाले की, आणि मग दर सहा महिने किंवा ५० तासांनी, जे आधी येईल ते. पहिला बदल चुकवू नका, नव्या इंजिनचे भाग एकमेकांवर घासून बसत असतात आणि धातूची बारीक कणी त्या ऑइलमध्ये येते. बदलताना इंजिन थोडं चालवून कोमट करायचं, बंद करायचं, पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना बघायचं, आणि मग ऑइलच्या भोकातूनच मशीन तिरकं करून डब्यात ओतून घ्यायचं, खाली वेगळा बोल्ट वगैरे नाही. कोमट म्हटलंय, कडकडीत नव्हे, गरम ऑइल हातावर आलं तर फोड येतो. निघालेलं जुनं ऑइल गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पलीकडे ओतू नका. वाळवी लागू नये म्हणून खांबांना जुनं ऑइल लावायची पद्धत आपल्याकडे आहे, पण पावसात ते धुऊन शेवटी विहिरीत नाहीतर व्हाळातच (ओढ्यातच) जातं आणि तेच पाणी आपण पितो. बाटलीत भरून सर्व्हिसला जाताना गॅरेजवाल्याला देऊन टाका, ते घेतात.

आता पेट्रोल, आणि इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आमच्या भागात मशीन मारायचा दर बऱ्याच ठिकाणी लिटरवर असतो, म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळलं की इतके रुपये. त्यामुळे टाकी संपली की थांबायचं कशाला, मशीन तसंच तापलेलं, सायलेन्सर चटके देतोय, आणि पाण्याच्या बाटलीतून सरळ पेट्रोल आत. कधी कधी तर तोंडात बिडी. हे दृश्य मी किती बागांमध्ये बघितलं असेल. गवत कापणारे हे लोक मेहनती आहेत, दिवसभर ऊन, गांधीलमाश्या आणि उडणारे दगड अंगावर घेतात, त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं एवढंच. टाकी आणि सायलेन्सर यांच्यात या मशीनवर वीतभर पण अंतर नाही. काम करून आलेला सायलेन्सर शेकडो अंश तापलेला असतो, आणि पेट्रोल अडीचशे अंशांच्या पुढे कुठेतरी ठिणगी नसतानाही पेट घेऊ शकतं. ठिणगी असेल तर मग तापमानाचा प्रश्नच नाही, पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीत सुद्धा पेटते, आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात तर ती नुसती वाटच बघत असते. ही वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, खळग्यात साचते. म्हणून पडवीत, मांगरात (बागेतल्या खोपटात), चुलीच्या आसपास, देवापुढे दिवा लावलेल्या खोलीत पेट्रोल भरायचं नाही, बाहेर मोकळ्यावरच भरायचं.

आमच्या घरी नियम असा आहे की टाकी संपली की मशीन सावलीत ठेवायचं आणि दहा-पंधरा मिनिटं त्याला कोणी हात लावायचा नाही. त्या वेळात चहा, पाणी, ब्लेड बघणं. मजुरीचा दर आम्ही लिटरवर ठेवलेलाच नाही, दिवसावर ठेवलाय, म्हणजे थांबल्याने कोणाचं नुकसान होत नाही. माझ्या आईला मशीनमधलं काही कळत नाही पण ती अंगणातून ओरडते, "आदी मशीन थंड होवंदे, मगे पेट्रोल वत!" आणि सगळे ऐकतात.

थंड झाल्यावर झाकण एकदम काढायचं नाही, थोडं सैल करायचं, आतला दाब फुस्स करून निघून जाऊ द्यायचा आणि मग पूर्ण उघडायचं. उन्हात तापलेल्या टाकीचं झाकण एकदम उघडलं तर पेट्रोल अंगावर उडतं. जाळीचं नरसाळं वापरायचं, आणि ते झाकणासकट स्वच्छ पिशवीत ठेवायचं. टाकी पांढरट पारदर्शक आहे, बाहेरून लेव्हल दिसते, ही या मशीनची चांगली गोष्ट. गळ्यापर्यंत भरायची नाही, वर थोडी जागा सोडायची कारण उन्हाने पेट्रोल फुगतं आणि झाकणातून पाझरायला लागतं. झाकण घट्ट लावायचं, सांडलेलं फडक्याने पुसायचं, ते फडकं बाजूला मोकळ्यावर वाळत टाकायचं, खिशात कोंबायचं नाही. कपड्यावर सांडलं असेल तर कपडे बदलून मगच मशीनला हात लावायचा, यात आळस करू नका, ओल्या पँटवर सायलेन्सर घेऊन फिरायचं म्हणजे काय ते समजून घ्या. आणि सगळ्यात सोपी पण कोणी न पाळणारी गोष्ट, जिथे पेट्रोल भरलं तिथेच दोरी ओढायची नाही. मशीन उचलून किमान तीन मीटर, म्हणजे चार-पाच पावलं लांब जायचं आणि मग सुरू करायचं. कॅन तिथेच मागे, झाकण लावून.

कॅनबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण मशीनबरोबर मी तो पण घेतला आणि तो वेगळा पाच स्टार देण्यासारखा आहे. पाच लिटरचा लोखंडी जेरी कॅन, घट्ट बसणारं झाकण आणि ओतायला नळी. पंपावर पाण्याच्या बाटलीत पेट्रोल बरेच जण देत नाहीत आणि नाही देत तेच बरोबर करतात, मिनरल वॉटरची बाटली पेट्रोलसाठी बनलेलीच नाही, शिवाय तहान लागली की घाईत कोणीतरी तोंडाला लावेल ही भीती वेगळी, घरात लहान मुलं असतील तर जास्तच. पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे, त्यात विकायचं नसेल तर परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगता येतं, पण भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, आणि धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, आणि झाकण घट्ट पाहिजे. शेतकऱ्याला तीस लिटर कधी लागतच नाही, पाच लिटरचा लोखंडी कॅन पुरेसा आहे. तो भरताना गाडीच्या डिकीत किंवा टेम्पोच्या हौद्यात ठेवून भरायचा नाही, खाली उतरवून जमिनीवर ठेवायचा आणि पंपाची नळी कॅनच्या तोंडाला टेकवून ठेवायची. पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते, कॅन जमिनीवर असेल तर ती उतरून जाते, प्लास्टिकच्या मॅटवर असेल तर साठून ठिणगी पडू शकते. कॅनवर मी ऑइल पेंटने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "साधं पेट्रोल, ऑइल मिसळू नये". टूटीवाल्या मशीनचा कॅन वेगळ्या रंगाचा. एवढ्याने घरातला सगळा गोंधळ संपला.

पेट्रोल कुठलं, तर साधं. पण एक अडचण आहे जी विकणारा सहसा सांगत नाही. या इंजिनच्या पुस्तिकेत पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं आहे, आणि देशात २०२५ पासून पंपावर जे मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. लगेच मशीन बिघडतं असं नाही, आमचं चाललंय, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय असतं काय. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी खाली बसतं आणि पेट्रोल वर तरंगतं, आणि कार्ब्युरेटर ओढतो तळातलं. मशीन सुरूच होत नाही. रबराच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरचा पडदा पण कडक व्हायला लागतो. तुमचं मशीन नवीन असेल तर घेतानाच विचारा की ते २० टक्केवाल्यासाठी बनवलंय का, आणि उत्तर पुस्तिकेत दाखवा म्हणा, तोंडी नको. पेट्रोल थोडं थोडं आणा, आठवडा-पंधरवड्यात संपेल एवढंच, गेल्या वर्षीचं कॅनच्या तळाला राहिलेलं मशीनमध्ये टाकू नका. दोन-तीन आठवडे मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

हंगाम संपला की, म्हणजे मोहोर यायच्या आधीची शेवटची साफसफाई झाली की, टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढायचं, मग प्रायमरचा फुगा दाबून दाबून कार्ब्युरेटरमधलं टाकीत परत आणायचं आणि ते पण ओतून घ्यायचं. उरलेल्यावर मशीन बाहेर मोकळ्यावर चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. नवीन ऑइल भरून ठेवायचं, जुन्या ऑइलमध्ये ॲसिड आणि पाणी असतं, ते महिनोनमहिने आत ठेवायचं नाही. एवढं केलं की पुढच्या जूनमध्ये दोरी दोन-तीनदा ओढल्यावर मशीन सुरू. आमचं झालं. वाडीतली इतर मशीनं त्याच आठवड्यात कार्ब्युरेटर साफ करायला रांगेत होती, आणि ऐन पावसाळ्यात मेकॅनिक आठ-आठ दिवस हातात सापडत नाही.

आगीची तयारी पण ठेवा, घाबरवायला म्हणून नव्हे. पेट्रोल भरतो त्या जागी आम्ही मातीची एक घमेली भरून ठेवतो आणि घरात पावडरचा छोटा फायर एक्स्टिंग्विशर आहे. पेट्रोल पेटलं तर पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन लांब पसरतं. माती टाका, नाहीतर पावडर मारा. नोव्हेंबरपासून गवत वाळलेलं असतं तेव्हा गरम मशीन गवतावर टेकवून ठेवायचं पण टाळा, कातळावर नाहीतर उघड्या मातीवर ठेवा.

तर माझा रिव्ह्यू असा. मशीनला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो जास्त किमतीमुळे. दुकानाला पाच, कारण ऑइल गिऱ्हाइकाच्या हाताने भरून घेणं हे पैसे घेऊन पण कोणी करत नाही आणि यांनी फुकट केलं, वर पुस्तिकेतली ऑइलची आणि पेट्रोलची पानं पेनने खूण करून दिली. पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत असती तर आमच्या दादांना स्वतः वाचता आली असती, विक्रेत्यांनी निदान एक पानभर मराठीत छापून मशीनला चिकटवावं, खर्च दहा रुपये येणार नाही. स्पेअर मिळतात, प्लग एनजीके सीएमआर५एच लागतो, तो एक जादा घेऊन ठेवा कारण तालुक्याला हमखास मिळेलच असं नाही. एअर फिल्टर दर २५ तासांनी साफ करायला सांगितलंय पण गवताचा भुसा उडतो तिथे त्याच्या आधीच बघा.

ज्यांची बाग पाच-दहा झाडांची आहे आणि वर्षातून एकदाच मारायचंय त्यांनी एवढे पैसे घालू नयेत, भाड्याने बोलवा, फक्त तो पेट्रोल भरायला बसला की जवळ जाऊन उभे राहा आणि मशीन थंड होईपर्यंत त्याला चहा द्या. ज्यांच्याकडे एकरभर तरी बाग आहे त्यांनी घ्यायला हरकत नाही. घ्यायला जाताना ९०० मिलीची १०डब्ल्यू-३० ची बाटली, ५० मिलीची सिरिंज, जाळीचं नरसाळं आणि लोखंडी कॅन त्याच दिवशी घेऊन या, नंतर आणू म्हटलं की घरी आल्यावर पहिली टाकी पाण्याच्या बाटलीनेच भरली जाते.